कचरा हातातून सुटतो तेव्हा : रुग्णालयातील कर्मचारी आणि जैववैद्यकीय कचऱ्याची हाताळणी

रोगनिदान, उपचार, लसीकरण आणि वैद्यकीय संशोधन या कामांतून जो कचरा निघतो त्याला कायद्याच्या भाषेत जैववैद्यकीय कचरा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आरोग्यसेवेतून निघणाऱ्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा घरातल्या कचऱ्याइतकाच निरुपद्रवी असतो; औषधांचे खोके, वेष्टने, जेवणाचे उरलेसुरले आणि नातेवाइकांनी आणलेली शहाळी यांचाच त्यात भरणा असतो. उरलेला सुमारे १५ टक्के कचरा संसर्गजन्य, विषारी किंवा क्वचित किरणोत्सारी असतो, आणि रुग्णालयातील कचऱ्याचा जवळजवळ सगळा प्रश्न हे १५ टक्के त्या ८५ टक्क्यांत मिसळू न देण्याचा आहे. रक्ताने भिजलेला एक बोळा शहाळ्यांच्या ढिगात पडला की अख्खा ढीग संसर्गजन्य समजावा लागतो, कारण तो पुन्हा निवडायचा तर कोणीतरी त्यात हात घालावा लागतो आणि असा हात घालणे हाच या कामातला सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून कचऱ्याचे वर्गीकरण आवारातल्या कचराखोलीत होऊ शकत नाही; ते खाटेशेजारी, वस्तू हातातून सुटते त्याच क्षणी होते किंवा होतच नाही. पुढची गाडी, भट्टी आणि नोंदवही यांपैकी कोणालाही तो क्षण परत आणता येत नाही. रुग्णालयाचे व्यवस्थापक, मेट्रन आणि स्वतःचे छोटे नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर यांनी कर्मचाऱ्यांच्या जागरूकतेचा विचार या एका गोष्टीपासून सुरू करावा.

भारतात या विषयाचे पहिले स्वतंत्र नियम पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ याच्या आधारे २० जुलै १९९८ रोजी निघाले. त्यांची जागा २८ मार्च २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली आणि २०१८ साली त्यांत काही दुरुस्त्या झाल्या. २०१६ च्या नियमांनी कक्षा बरीच रुंदावली, आणि आता मोठ्या रुग्णालयांबरोबरच दवाखाने, प्रयोगशाळा, रक्तपेढ्या, आयुष रुग्णालये, पशुवैद्यकीय दवाखाने, इतकेच नव्हे तर लसीकरणाची आणि रक्तदानाची शिबिरेही त्यांच्या कक्षेत येतात. गणेशोत्सवाच्या मांडवात भरवलेल्या रक्तदान शिबिरातील कापूस, नळ्या आणि सुया यांनाही हेच नियम लागू होतात, हे अनेक आयोजकांच्या ध्यानातच नसते. महाराष्ट्रात या कामाची परवानगी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यावी लागते, आणि ७५ किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र उपलब्ध असेल तर रुग्णालयाला स्वतःच्या आवारात कचरा जाळण्याची किंवा त्यावर अंतिम प्रक्रिया करण्याची सोय उभारता येत नाही. सामाईक प्रक्रिया केंद्र म्हणजे एखाद्या भागातील अनेक रुग्णालयांचा कचरा स्वतःच्या वाहनांतून नेऊन एकाच ठिकाणी त्याची विल्हेवाट लावणारी संस्था.

नियम बदलले तेव्हा रंगही बदलले, आणि गोंधळाचे एक मोठे कारण त्यातच दडलेले आहे. १९९८ च्या नियमांत कचऱ्याचे दहा वर्ग होते, निळ्या किंवा पांढऱ्या पारदर्शक पिशवीत धारदार वस्तू आणि प्लास्टिक जात असे, तर काळ्या पिशवीत मुदत संपलेली औषधे आणि भट्टीतली राख. २०१६ पासून पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चारच रंग राहिले, आणि निळा रंग काचेच्या वस्तूंकडे व शरीरातून काढलेल्या धातूच्या रोपणांकडे गेला. ज्या परिचारिकेने आपल्या नोकरीची पहिली पंधरा वर्षे सलाइनची नळी निळ्या पिशवीत टाकली तिच्या हाताला ती सवय मोडायला वेळ लागतो, आणि तिचा हात चुकला तर दोष तिच्या अज्ञानापेक्षा जुन्या शिक्षणाचा अधिक असतो. त्यात भर म्हणजे स्वच्छ भारत मोहिमेने घराघरांत ओल्या कचऱ्यासाठी हिरवा आणि सुक्या कचऱ्यासाठी निळा डबा रुजवला, त्यामुळे नव्याने कामावर आलेली मावशी निळ्या डब्यात बिनदिक्कत कागद आणि पुठ्ठे टाकते. प्रशिक्षण देणाऱ्याने नव्या माणसाला काय शिकवायचे याची यादी करण्याआधी जुन्या माणसाने काय विसरायचे आहे, हे लिहून काढावे.

रंगांचे तक्ते भिंतीवर लावून काम भागत नाही, हे समजण्यासाठी एकाच इंजेक्शनचा माग काढून पाहणे पुरेसे आहे. सकाळी सहाच्या फेरीत परिचारिका एका रुग्णाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देते, तेव्हा तिच्या हातातून किमान नऊ वस्तू बाहेर पडतात. औषधाचा खोका, सिरिंजचे कागदी वेष्टन आणि व्हायलवरचे प्लास्टिकचे टोपण यांना रुग्णाचा स्पर्शही झालेला नसतो, म्हणून ती सामान्य कचऱ्यात जातात. औषधाची काचेची रिकामी व्हायल निळी खूण असलेल्या, न भोसकता येणाऱ्या खोक्यात जाते, पण निर्जंतुक पाण्याची ऍम्प्युल हल्ली बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची असते, म्हणून ती लाल पिशवीत टाकावी लागते. सुई हब कटरने, म्हणजे सुईच्या बुडाची प्लास्टिकची मूठच कापून टाकणाऱ्या छोट्या हातयंत्राने, कापली की ती पांढऱ्या पारदर्शक डब्यात पडते आणि सुईविना राहिलेली सिरिंज लाल पिशवीत जाते. रक्ताचा ठिपका लागलेला कापसाचा बोळा पिवळ्या पिशवीत आणि हातमोजे पुन्हा लाल पिशवीत. नऊ वस्तू, पाच जागा, हाताशी जेमतेम दोन मिनिटे आणि समोर अजून अठरा रुग्ण असा हा हिशेब आहे. या परिस्थितीत लाल पिशवी कक्षाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेली असेल तर कितीही प्रशिक्षित परिचारिका सगळा पसारा किडनी ट्रेमध्ये गोळा करील, फेरी संपल्यावर तो एकाच डब्यात उपडा करील, आणि तिला दोष देणे अन्यायाचे ठरेल. इंजेक्शनच्या ट्रॉलीवरच हब कटर, पांढरा डबा आणि लाल व पिवळ्या छोट्या पिशव्या बसवून घेणे हा जागरूकता वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, जरी तो प्रशिक्षणाच्या खर्चात दाखवता येत नसला तरी.

कोणती वस्तू कोणत्या रंगात जाते, हे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक रंगाच्या पिशवीचे पुढे काय होते हे कळले तर वर्गीकरण आपोआप सुचू लागते. पिवळी पिशवी भट्टीत जाते. या भट्टीला दोन कक्ष असतात; पहिल्यात सुमारे ८०० अंश सेल्सियस तापमानाला कचरा जळतो, तर दुसऱ्यात त्यातून निघालेले वायू सुमारे १,०५० अंशांना किमान दोन सेकंद ठेवले जातात. म्हणून शस्त्रक्रियेत काढलेले अवयव, रक्ता-पुवाने भिजलेली ड्रेसिंगे, प्लास्टर, रक्ताच्या पिशव्या, मुदतबाह्य औषधे, रक्ताने माखलेल्या गाद्या आणि वापरलेले मास्क व गाऊन अशा ज्या गोष्टी जाळण्यावाचून दुसरा मार्ग नाही त्या पिवळ्या पिशवीत टाकल्या जातात. रक्ताच्या पिशव्या आणि प्रयोगशाळेतील जंतूंचे नमुने मात्र बाहेर पाठवण्यापूर्वी रुग्णालयातच निर्जंतुक करावे लागतात. लाल पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये जाते, म्हणजे दाबाखालील वाफेच्या पात्रात. तेथे साधारणपणे १२१ अंश तापमान आणि १५ पौंड दाब यांखाली कचरा ६० मिनिटे राहतो, मग त्याचे तुकडे होतात आणि ते प्लास्टिक नोंदणीकृत पुनर्वापर उद्योगाकडे रवाना होते. वाफ खरोखर आतपर्यंत पोहोचली की नाही, हे पाहण्यासाठी जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या अतिशय चिवट जिवाणूच्या बीजाणूंची छोटी कुपी कचऱ्यात ठेवतात. ते बीजाणू मेले तर इतर जंतू वाचण्याची शक्यता उरत नाही. पांढऱ्या डब्यातील धारदार वस्तू निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करतात किंवा त्या बंदिस्त स्वरूपात कायमच्या गाडतात, आणि निळ्या खोक्यातील काच धुऊन-निर्जंतुक करून पुन्हा वितळवण्यासाठी जाते.

एवढा मागचा व्यवहार कळला की चुकीची किंमतही कळते. सलाइनची नळी किंवा लघवीची पिशवी पिवळ्या पिशवीत गेली तर भट्टीत पीव्हीसी जळते, त्यातील क्लोरीनमुळे डायॉक्झिन आणि फ्युरान ही कर्करोगकारक व शरीरात वर्षानुवर्षे साठून राहणारी रसायने तयार होण्याचा धोका वाढतो आणि भट्टीच्या शेजारच्या वस्तीला ती श्वासातून व अन्नातून भोगावी लागतात. पिशव्याही क्लोरीनविरहित प्लास्टिकच्याच असाव्यात असा आग्रह नियमांनी धरला आहे तो यासाठीच. उलट पुवाने भिजलेले ड्रेसिंग लाल पिशवीत गेले तर वाफेने जंतू मरतात, पण कापूस आणि ऊती यांपासून पुनर्वापराच्या लायक काहीच निघत नाही आणि सगळा प्लास्टिकचा घाणा बिघडतो. कर्करोगावरील पेशीनाशक औषधांची व्हायल काचेची असली तरी ती निळ्या खोक्यात टाकू नये, कारण ती निर्जंतुक केली तरी विषारीच राहते. तिच्यासाठी पेशीनाशक अशी स्पष्ट चिठ्ठी लावलेली वेगळी पिवळी पिशवी ठेवावी लागते. केमोथेरपीचा दिवसाचा कक्ष असलेल्या रुग्णालयांत ही चूक विशेष आढळते, कारण तेथे काम करणाऱ्यांच्या मनात काच म्हणजे निळे हे समीकरण पक्के झालेले असते.

प्रसूतिकक्षात एक वेगळा पेच उभा राहतो. वार, म्हणजे बाळाच्या जन्मानंतर बाहेर येणारी अपरा, नियमांप्रमाणे मानवी शरीराचा भाग ठरते आणि पिवळ्या पिशवीत जाते, परंतु ग्रामीण महाराष्ट्रात वार अंगणात पुरण्याची जुनी रीत आहे आणि घरातली वडीलधारी बाई कधीकधी ती मागायला येते. अशा वेळी रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरवर निर्णय सोडू नये. रुग्णालयाचे धोरण काय आहे, कोणाला विचारायचे, नोंद कोठे करायची, हे आधीच लिहून ठेवावे आणि नातेवाइकांना वार देता येत नसेल तर ती का देता येत नाही, हे सांगण्याचे शब्दही सिस्टरला आधी मिळालेले असावेत.

या कामातील सगळ्यांत टाळता येण्याजोगी आणि तरीही रोज घडणारी इजा म्हणजे वापरलेली सुई टोचणे. हिपॅटायटिस-बीची लस न घेतलेल्या व्यक्तीला त्या विषाणूने दूषित सुई टोचली तर संसर्गाची शक्यता शंभरात ३० पर्यंत जाऊ शकते, तर एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारात सुमारे तीन असते. लोकांची भीती मात्र नेमकी उलट वाटली गेली आहे; एचआयव्हीचे नाव काढताच वॉर्डबॉय मागे सरकतो आणि हिपॅटायटिस-बीची तीन डोसांची लस घेण्याचे वर्षानुवर्षे टाळतो. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकू शकतो, त्यामुळे मागच्या आठवड्यात पिशवीत पडलेली सुईही निर्धोक मानता येत नाही. नियमांनी आरोग्यसेवकांना आणि कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस-बी व धनुर्वात यांची लस देण्याची जबाबदारी रुग्णालयावर टाकली आहे. लसीचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी द्यावे लागतात, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी केली तर लस लागू पडली की नाही हेही कळते. कंत्राटी सफाई कामगार सहा महिने टिकत नाहीत, या सबबीवर त्यांना लसीतून वगळणे हा हिशेब रुग्णालयाला सोयीचा असला तरी कामगाराला महाग पडणारा आहे.

सुई टोचण्याच्या घटना प्रामुख्याने तीन जागी घडतात : सुईवर टोपण परत बसवताना, शस्त्रक्रिया संपल्यावर ट्रे आवरताना आणि भरलेली पिशवी उचलताना. पहिल्यासाठी एकच नियम आहे, टोपण परत बसवू नये. अगदीच नाइलाज झाला तर टोपण ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी, दुसरा हात जवळ आणू नये. दुसऱ्यासाठी रुग्णालयांनी असा संकेत पाळावा की ज्याने धारदार वस्तू वापरली त्यानेच ती डब्यात टाकावी. सर्जनने ब्लेड ड्रेपच्या घडीत सोडायचे आणि ओटीतल्या मामांनी ते शोधायचे, ही प्रथा इतकी अंगवळणी पडली आहे की ती धोकादायक आहे हे सर्जनला कोणी सांगत नाही आणि मामांची तर तशी हिंमतही होत नाही. तिसरी जागा सर्वांत अन्यायाची आहे, कारण तेथे टोचणारी सुई दुसऱ्याच कोणीतरी चुकीच्या पिशवीत टाकलेली असते. मावशी लाल पिशवी उचलते, ती तिच्या पिंडरीवर आदळते आणि आत दडलेली सुई साडीतून आत जाते. ती सुई कोणाच्या हातातून सुटली हे तिला कधीच कळत नाही. पिशवी तीन-चतुर्थांश भरली की तोंड बांधावे, ती गळ्याशी धरून शरीरापासून लांब न्यावी, जमिनीवरून ओढू नये आणि आत जागा करण्यासाठी ती हाताने किंवा पायाने कधीही दाबू नये, एवढे चार संकेत पाळले तरी या इजांचे प्रमाण घटते. पांढरा डबाही तीन-चतुर्थांश भरताच कायमचा बंद करावा; तो उपडा करून पुन्हा वापरण्याची काटकसर अनेक ठिकाणी चालते, आणि ती काटकसर नव्हे, धोका आहे.

सुई टोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे, हे प्रत्येकाला कागदाशिवाय सांगता आले पाहिजे. जखम दाबून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नये. साबण आणि वाहते पाणी एवढेच वापरावे. डोळ्यांत रक्त उडाले तर नुसत्या स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने डोळे धुवावेत. त्यानंतर ताबडतोब प्रभारी डॉक्टरांना कळवावे, कारण एचआयव्हीप्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. सुरुवातीची रक्तचाचणी, मग सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने अशा फेरतपासण्या ठरलेल्या असतात. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस-बीसाठी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागू शकते. ही औषधे रात्री दोन वाजता कोणत्या कपाटात मिळतील आणि किल्ली कोणाकडे असते, या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयातील शेवटच्या कामगाराला माहीत आहे का, हे पाहणे म्हणजेच जागरूकतेची खरी परीक्षा घेणे.

प्रशिक्षणाबाबत नियमांची अपेक्षा स्पष्ट आहे : कामावर रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा. प्रत्यक्षात हे वार्षिक प्रशिक्षण सभागृहात होते, पडद्यावर इंग्रजी तक्ते झळकतात, परिचारिका आणि कामगार सह्या करतात आणि डॉक्टर बहुधा गैरहजर असतात. सुई आणि ब्लेड यांचा सर्वाधिक वापर करणारे लोकच वर्गात नसतील, तर त्या वर्गाचा उपयोग हजेरीपटापुरता राहतो. त्यापेक्षा पाळी बदलताना कक्षातच दहा मिनिटांचे प्रशिक्षण घ्यावे, दर आठवड्याला एकच विषय घ्यावा आणि त्यासाठी त्याच कक्षातल्या खऱ्या वस्तू टेबलावर मांडाव्यात. न वापरलेली सिरिंज, रिकामी व्हायल, हातमोजा, रंगात बुडवून वाळवलेला बोळा अशा वस्तू एका फळीवर त्या-त्या रंगाच्या चौकटीत चिकटवल्या, तर वाचता न येणाऱ्या मावशीलाही ती फळी समजते आणि छापील तक्त्यापेक्षा अधिक दिवस लक्षात राहते. नवीन कामगाराला पहिल्या पाळीवर पाठवण्यापूर्वी एका अनुभवी मावशीबरोबर एक दिवस फिरवणे हे प्रशिक्षण कोणत्याही पुस्तिकेत बसत नाही, पण तेच टिकते. नातेवाइकांचाही विसर पडू नये. वडापावचा कागद पिवळ्या पिशवीत टाकणारा हात त्यांचाच असतो, आणि त्यावर उपाय म्हणजे सूचनांच्या पाट्या वाढवण्याऐवजी सामान्य कचऱ्याचा मोठा डबा दारापाशी आणि रंगीत पिशव्या त्यांच्या हाताला न लागतील अशा जागी ठेवणे.

फरशीवर रक्त सांडले तर ते ओल्या फडक्याने पसरवू नये. त्यावर टिपकागद किंवा जुने कापड टाकून एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ओतावे, काही मिनिटे थांबून मग सगळे उचलून पिवळ्या पिशवीत टाकावे. बाजारात मिळणारे द्रावण पाच टक्क्यांचे असेल तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी आणि दहा टक्क्यांचे असेल तर नऊ भाग पाणी घालावे. हे द्रावण रोज ताजे करावे, कारण उन्हात आणि उघड्यावर त्याची शक्ती झपाट्याने कमी होते. ते धातूच्या भांड्यात ठेवू नये आणि संडास धुण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर झाडू मारू नये. पाऱ्याचे थेंब पुठ्ठ्याने एकत्र करून पाणी असलेल्या बंद बाटलीत जमा करावेत.

कक्षातून निघालेली पिशवी झाकणाच्या ट्रॉलीतून, आणि रुग्णांच्या जेवणाची ट्रॉली ज्या लिफ्टने आणि ज्या वेळी जाते ती टाळून, कचराखोलीत न्यावी. त्या खोलीला कुलूप असावे, उंदीर व कुत्री आत शिरू नयेत आणि दारावर जैवधोक्याचे चिन्ह असावे. पिवळ्या पिशवीतील मानवी शरीराचे भाग आणि रक्ताने भिजलेला कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही. गाडी दोन दिवसांत आली नाही तर प्रक्रिया केंद्राला लेखी कळवावे, तोंडी तक्रारीवर विसंबू नये. प्रत्येक पिशवीवर बारकोड लागतो, म्हणजे ती कोठून निघाली हे पुढे ओळखता यावे यासाठीची छापील रेघांची खूण, आणि ती लावण्याचे काम पिशवी गाडीत चढण्याच्या क्षणी घाईने न करता कक्षातच व्हावे. कुलपाचे कारण केवळ दुर्गंधी किंवा जनावरे नाही. वापरलेल्या सिरिंजा आणि सलाइनच्या बाटल्या यांना भंगारात भाव येतो, आणि गुजरातमधील, तेव्हा साबरकांठा जिल्ह्यात असलेल्या मोडासा येथे २००९ साली पसरलेल्या हिपॅटायटिस-बीच्या साथीचा माग सिरिंजा व सुयांच्या पुनर्वापरापर्यंत गेला होता. सिरिंज कापल्याशिवाय लाल पिशवीत टाकू नये, या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या नियमामागे हा इतिहास आहे.

नोंदवहीकडे शिक्षेचे साधन म्हणून पाहिले की ती खोटी होते. दररोज प्रत्येक रंगाच्या पिशव्यांचे वजन लिहिले जाते, ते बहुधा मंडळाला दाखवण्यापुरते. पण तेच आकडे महिनाभर एकाखाली एक मांडले तर कक्षाचे वर्तन डोळ्यांसमोर उभे राहते. रविवारी नातेवाइकांची गर्दी असताना पिवळ्या पिशव्यांचे वजन वाढत असेल तर त्यात शहाळी आणि जेवण जात आहे; रोज शंभर इंजेक्शने देणाऱ्या कक्षाचा पांढरा डबा दोन महिने भरतच नसेल तर सुया दुसरीकडे जात आहेत. पिशवी उघडून तपासण्याची गरज पडत नाही, आणि ती उघडूही नये. मोठा अपघात, उदाहरणार्थ कचऱ्याची गाडी उलटणे, लगेच कळवून त्याचा अहवाल २४ तासांत मंडळाला द्यावा लागतो. सुई टोचण्यासारख्या इतर घटना वर्षाच्या अहवालात येतात आणि तो अहवाल ३० जूनपर्यंत सादर करायचा असतो. शंभर खाटांच्या रुग्णालयाच्या अहवालात वर्षभरात सुई टोचल्याची एकही नोंद नसेल तर तेथे सुया टोचत नाहीत असा अर्थ काढू नये. तेथे कर्मचारी सांगायला घाबरतात असा काढावा. तीस किंवा त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयात या विषयाची समिती असते आणि तिने सहा महिन्यांतून किमान एकदा भरावे अशी अपेक्षा आहे. तिच्या बैठकीत सफाई कामगारांचा एक प्रतिनिधी बोलावला आणि त्याला आधी बोलू दिले तर पहिल्या दहा मिनिटांत बरेचसे कामाचे मुद्दे पुढे येतात.

रुग्णालयाच्या दारापाशी हे काम संपत नाही. मधुमेहाचा रुग्ण घरी इन्सुलिन घेतो, एखाद्याला घरीच रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन चालू असते, आणि त्यांच्या सुया घरच्या कचऱ्यातून घंटागाडीवरच्या कामगाराच्या हाताशी येतात, ज्याच्याकडे बहुधा हातमोजेही नसतात. रुग्णाला घरी सोडताना औषधांचा कागद समजावून सांगणाऱ्या सिस्टरने आणखी एक मिनिट द्यावे : जाड प्लास्टिकची रुंद तोंडाची बाटली घ्यावी, सुई टोपण न लावता थेट तीत टाकावी, बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे, ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी आणि तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटवून पुढच्या तपासणीला येताना रुग्णालयात आणून द्यावी. अशी परत आलेली बाटली बाह्यरुग्ण विभागात कोणी, कोठे स्वीकारायची, हे मात्र सिस्टरने तसे सांगण्याआधी ठरलेले असावे.